आईचं मध्यंतर

पिक्चर चालू असताना मध्ये कुणी बोललेलं माझ्या आईला खपत नाही, आणि माझ्या नवऱ्याला बोलल्याशिवाय पिक्चर दिसतच नाही. या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून मी यंदा संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत जेवढे पिक्चर बघितले, तेवढे उभ्या आयुष्यात बघितले नव्हते. तेही घरी, साताऱ्यात, पायावर पाय टाकून. मुलानं दिवाळीत भिंतीवर मोठा टीव्ही बसवून दिला होता आणि त्यात जगभरचे पिक्चर जोडून तो पुण्याला परत गेला होता. तोवर आम्ही त्यावर बातम्याच बघत होतो.

त्याचं असं झालं. आई सांगलीला एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक. संक्रांतीनंतर ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि उतरताना शेवटच्या पायरीवर पडली. घोट्यापाशी हाड मोडलं. प्लास्टर घातल्यावर मी तिला गाडीत बसवलं ते थेट साताऱ्याला आणलं. कराड यायच्या आत तिनं मला बजावलं, "पाय बरा होईपर्यंतच हं. पाडव्याची गुढी माझ्या दारात उभी राहिली पाहिजे."

माझं दुखणं काय ते आधीच सांगून टाकते. मला आई कायमची हवी होती. ऐंशीला टेकलेली बाई, घर नदीजवळच्या गल्लीत, पूर आला की सामान माळ्यावर चढवायला शेजाऱ्यांना हाका मारायच्या. फोन दोनदा वाजून उचलला नाही तर माझ्या हातातली कात्री खाली पडते. पण आईला हे सांगायची सोय नाही. तिच्या हिशेबी लेकीकडे बाईनं जायचं ते बाळंतपणाला, आजारपणाला, नाहीतर कार्याला. काम झालं की पिशवी उचलायची. उगाचच्या उगाच लेकीच्या घरी बसून खाणं तिला लाजिरवाणं वाटतं. "लोक काय म्हणतील" हे एक आणि "जावई काय म्हणतील" हे दुसरं.

जावई काही म्हणत नव्हते. उलट ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आवं मामी, हितंच ऱ्हावा की आता. मला बी बोलायला मानूस मिळंल." म्हणजे इतकी वर्षं मी काय होते, असं मी विचारलं, तर ते गोठ्याकडं बघावं तसं खिडकीबाहेर बघत बसले.

माझा नवरा फौजेतून रिटायर झालेला. कोरेगावकडं ऊस आणि घेवडा आहे, सकाळी तिकडं जातो आणि चार वाजता परत येतो. फौजेवरचे पिक्चर मात्र अजिबात बघत नाही. "त्यात काय बघायचं? लढाई संपली तरी बुटाला चिखल न्हाई," म्हणतो आणि पुढं सरकवतो. त्याला आवडतात ते कोरियातले घरगुती पिक्चर. सासू-सून, जेवणाची भांडी, सांडलेला रस्सा, आणि शेवटी कुणीतरी कुणाला तरी माफ करतं. मग हा गडी डोळे पुसतो आणि आम्हाला सांगतो, "एसीचा वारा लागला." आमच्याकडं एसी नाही.

मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळं माझं लक्ष कपड्यांवर. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट आणि नायिकेच्या ब्लाउजला मागं चेन लावलेली दिसली, की माझं डोकं फिरतं. एवढे पैसे ओतता, मग एक शिंपीण बोलवायला काय होतं? एका पिक्चरमध्ये गरीब शाळामास्तर दाखवला होता, त्याच्या सदऱ्याला इतकी सुरेख कॉलर होती की मला त्याच्या गरिबीचं काडीचं वाईट वाटलं नाही.

आईचं प्रकरण आमच्या दोघांहून वेगळं. ती सांगलीची, नाटकं बघत वाढलेली. तिच्यासाठी पिक्चर म्हणजे पडद्यावरचं नाटकच. बघायला बसताना साडी बदलायची, केस नीट करायचे, पाठ ताठ ठेवायची. निम्म्यावर मध्यंतर झालंच पाहिजे. दिवे लावायचे, चहा ठेवायचा, भडंग खायचं आणि पुढं काय होईल ते प्रत्येकानं सांगायचं. परदेशी पिक्चरवाले मध्यंतर देत नाहीत, हा तिला उद्धटपणा वाटतो. "माणसं बसलीत समोर. त्यांना पाय मोकळे करायचे असतात, हे कळू नये?" मग मध्यंतर कुठं करायचं ते तीच ठरवायची. हात वर केला की आम्ही थांबवायचं.

भडंगही तीच करायची. साताऱ्याच्या चिरमुऱ्याला सांगलीची सर नाही, हे रोज ऐकून घ्यावं लागे. प्लास्टरचा पाय स्टुलावर, समोर गॅसवर कढई, लसूण तडतडतोय, आणि तोंडानं कालच्या नायिकेची खरडपट्टी. असं तिला बघितलं की मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. दुसरं काही नको.

तिचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे सुरू झालेला खेळ अर्धा टाकून उठायचं नाही. नाटक कितीही पडेल असो, पडदा पडेपर्यंत बसायचं. रंगमंचावर माणसं घाम गाळतायत आणि आपण पाठ फिरवायची, हा तिला अपमान वाटतो. माझ्या जन्माच्या वेळी तिला दुसऱ्या अंकात कळा सुरू झाल्या होत्या. वडील घाबरून उठले, तर हिनं त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. तिसरा अंक संपला, टाळ्या वाजवून झाल्या, मग ही टांग्यात बसली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिसऱ्या अंकातले संवाद मला पाठ आहेत.

या नियमातच मला माझी युक्ती सापडली, तीही आयती. पहिल्याच आठवड्यात एकदा मध्यंतराला लाइट गेली ती जेवणं होईपर्यंत आली नाही. उरलेला पिक्चर दुसऱ्या दिवशीवर गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर आई सकाळपासून ताजीतवानी. पोहे खाताना विचारतेय, "त्या वकिलाला खरं माहीत असेल का गं?" आदल्या दिवशीपर्यंत रोज सकाळी पिशवीची चेन उघडून आपली लुगडी मोजणारी बाई, त्या दिवशी पिशवीकडं फिरकली नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मग मी नवऱ्याला सांगून ठेवलं. पिक्चर एका दिवसात संपवायचा नाही. मध्यंतरानंतर कुणाला तरी भूक लागायची, कुणाचा तरी फोन यायचा, आणि उरलेला उद्यावर जायचा. उद्या तो संपला की लगेच दुसरा लावायचा आणि त्याच्याही मध्यंतरापर्यंत जायचं. म्हणजे रोज जेवायला बसताना एक पिक्चर अर्धा राहिलेला असायचा. अर्धा टाकून आई कुठं जाणार? नवरा म्हणाला, "तू फौजेत पायजे हुतीस."

दिवस छान जात होते. सातच्या सुमारास मी शिलाई मशीनवर झाकण घालायची, नवरा हातपाय धुऊन बसायचा, आई साडी बदलून तयार. आम्ही किती ठिकाणचे पिक्चर बघितले. हल्लीच्या पिक्चरवाल्यांना उजेडाचं वावडं आहे, असं आमचं तिघांचंही मत पडलं. एक खुनाचा पिक्चर तर सगळाच्या सगळा काळोखात. नवरा उठून टीव्हीजवळ गेला, चष्मा पुसला, परत आला. आई म्हणाली, "बल्ब लावून शोधला असता तर खुनी पहिल्या अंकातच सापडला असता." गुप्तहेर लोक कधी जेवत नाहीत, हे तिला फार खटकायचं. आणि मिठी मारायचा प्रसंग आला की ती टीव्हीकडं न बघता माझ्या शिवणकामाची चौकशी करायची.

मी एकदा दहा भागांची मालिका लावून बघितली. म्हटलं, पाडवा आरामात पार होईल. पण दुसऱ्या भागातच त्यातली माणसं आईबहिणीवरून बोलायला लागली. आईनं हात वर केला. "शिव्या ऐकायच्या तर बाजारात जाऊन फुकट ऐकते. आणि ही मालिका आहे, हा खेळ नव्हे. याला माझा नियम लागू नाही." झालं, एका फटक्यात आठ भाग गेले.

बसवाल्याचा पिक्चर तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दक्षिणेकडचा, हिंदीत बोलणारा. दाढीवाला नायक दोन खेड्यांमध्ये एक जुनी बस चालवतो आणि त्याचा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला असतो. बस डोंगरावरच्या शेवटच्या थांब्याला येते, दार उघडतं, कुणीच उतरत नाही, आणि पडदा काळा होतो. आईनं हात वर करायच्या आधीच नवरा म्हणाला, "वा, काय जागेवर इंटरवल टाकलाय." मी चहा ठेवायला उठले, आईला धरून स्वयंपाकघरात नेलं, भडंग परातीत काढलं. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक आली, "या लवकर, सुरू झालं."

येऊन बघतो तर तसंच हिरवंगार गाव, तसाच पाऊस, तसाच दाढीवाला. पण हा आता होडीतून मासे विकत होता. मी विचारलं, "बस कुठं गेली?" नवरा म्हणाला, "विकली. मधी वर्सं गेली आसतील." बायकोही वेगळी होती. "दुसरं लगीन केलं त्यानं," नवरा म्हणाला. मग एक इन्स्पेक्टर आला. "ह्यो त्यो भाऊ. बगा, डोळे तसंच हायत." आई चहा पीत शांतपणे ऐकत होती. त्या दिवशी उरलेला उद्यावर टाकायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, इतके आम्ही त्या बसच्या तपासाला लागलो होतो. पिक्चर संपला, तरी बसचं नाव नाही. मी वैतागून म्हटलं, कसला आडमुठा दिग्दर्शक आहे. आईला मत विचारलं तर ती म्हणाली, "दुसरा अंक जरा लांबला. पण जावईबापू होते म्हणून कळला."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं पिक्चर शोधताना बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आयला, ही दोन पिच्चर हायत." बसवाल्याचा पिक्चर मुळात होताच तासाभराचा, आणि तो त्या उघड्या दाराच्या प्रसंगालाच संपलेला होता. आम्ही चहा करेपर्यंत टीव्हीनं आपणहून दुसरा लावून दिला होता. मध्यंतराची सवय असल्याशिवाय जगात कुणी असं करणार नाही. आई घेवडा निवडत बसली होती. ती मान खाली घालून नुसती हसत राहिली.

मग प्लास्टर निघालं. काठी आली, आणि काही दिवसांनी काठी दाराआड उभी राहू लागली. डॉक्टर म्हणाले, आता हिंडूफिरू दे. पाडवा चार दिवसांवर आला तशी आईनं सांगलीला शेजारणीला फोन करून गुढीसाठी कळकाची काठी बघून ठेवायला सांगितलं. फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "परवा सकाळची गाडी सांग मला." मी सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या ओवला जाईना. मी म्हटलं, "आई, इथं काय कमी आहे?" ती म्हणाली, "काहीच कमी नाही. म्हणूनच जाते." मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "तू फार हट्टी आहेस." ती म्हणाली, "हो. तिसऱ्या अंकापर्यंत थांबवून ठेवलं होतं तुला, विसरलीस का?"

शेवटच्या संध्याकाळी मी ठरवलं, आता युक्ती बास झाली. ऐंशी वर्षांच्या बाईला पिक्चरच्या दोरीनं किती दिवस बांधून ठेवायचं? आज पिक्चर लावायचा आणि संपवायचा, म्हणजे तिला मोकळ्या मनानं जाता येईल. नवऱ्यालाही तसं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली आणि मुद्दाम लहानसा पिक्चर शोधून काढला. डोंगरातल्या एका गावात एक बाई एकटीनं चहाचं दुकान चालवते. तिची म्हैस हरवते. ती दुकानाला कुलूप लावून, पायात फाटके बूट घालून, म्हशीला शोधायला खोऱ्याखोऱ्यातून निघते. बस, एवढंच. पण बाई इतकी खरी, आणि तिचं जाकीट कोपरावर तिच्याच हातानं रफू केलेलं, की मीही पुढं सरकून बसले. नवरा एक शब्द बोलत नव्हता. म्हशीच्या बाबतीत त्याला थट्टा चालत नाही.

बाई एका खिंडीत येते. खाली धुकं. धुक्यातून घंटेचा आवाज येतो. आईनं हात वर केला.

दिवे लागले, चहा झाला. भडंग खाताना नवरा म्हणाला, "म्हस तिचीच हाय. घंटा मगाशी दावली हुती." मी म्हटलं, कुणास ठाऊक, दुसऱ्या कुणाची असेल. कपबशी खाली ठेवून मी रिमोट उचलला, तर आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आज इथंच थांबू या," ती म्हणाली.

"अगं, थोडाच राहिलाय. सकाळी गाडी यायचीय तुझी."

"येऊ दे की. मी जाणारच आहे. हा अर्धा राहू दे."

जिनं कळा दाबून तिसरा अंक बघितला, ती बाई चालू खेळ अर्धा टाकायला निघाली होती. ती म्हणाली, "तुझे रोजचे फोन आणि रोजची भूक मला कळत नव्हती असं समजू नकोस. तुमच्या त्या बसवाल्याच्या वेळीही मला चहाचा पहिला घोट घेतानाच कळलं होतं. पहिला उजव्या हातानं पान्हा फिरवत होता की गं, आणि हा डाव्या हातानं मासे कापत होता. पण म्हटलं, जेवायला वेळ आहे, जावईबापू एवढं समजावून सांगतायत, चालू दे. मला तरी कुठं संपवायचं होतं?"

नवरा चहाचा रिकामा कप तोंडाला लावून बसला होता. आई रिमोट पुसून टीव्हीखाली ठेवत म्हणाली, "लेकीकडं उगाच कशी येऊ मी? अर्धा राहिला असेल तर यावंच लागतं. आणि माझ्या माघारी बघायचा नाही. दोघांनीही."

सकाळी ती गेली. पाडव्याला गुढी उभारल्याचा फोटो शेजारणीनं पाठवला, आई शेजारी ताठ उभी. मी खूश होते, आणि घर खायला उठत होतं, दोन्ही एकाच वेळी. रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवण, पाय, ऊन, सगळं झालं की शेवटी एकच चौकशी, "म्हशीचं काही कळलं का?" मी म्हणायची, "नाही बघितलं." नवऱ्याचा मात्र जीव खालीवर. एकदा तो रिमोट हातात घेऊन नुसताच बसलेला दिसला. मी बघितलं तसा म्हणाला, "न्हाई गं, बातम्या लावतोय." म्हैस एवढे दिवस डोंगरात उपाशी आहे, असं तो मला जेवताना दोनदा तरी ऐकवायचा.

अक्षय तृतीया झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीचाच फोन आला. म्हणाली, "तुमच्या आई आत्ता साताऱ्याच्या गाडीत बसल्या. मी विचारलं, काय झालं, लेक आजारी आहे का? तर म्हणाल्या, नाही, साताऱ्याला माझं काम अर्धं राहिलंय." मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून चांगली रडून घेतली. मग उठून चिरमुरे आणायला गेले, तर शेजारणीनं नवऱ्यालाही शेतावर फोन केला होता, तो आधीच आणून बसला होता आणि स्टँडवर जायला बूट घालत होता.

आई आली ती पिशवीभर सांगलीचे चिरमुरे घेऊन. पिशवी मागच्यापेक्षा मोठी होती, ते मी बघितलं आणि बोलले नाही. सात वाजता तिनं साडी बदलली, केस नीट केले आणि ताठ बसली. "लावा," ती म्हणाली. नवऱ्यानं लावला. खिंड, धुकं, घंटेचा आवाज. बाई खाली उतरू लागली. घंटा जवळ आली. धुक्यात काहीतरी काळं हललं. नवरा खुर्चीच्या कडेला आला.

आईनं हात वर केला.

"आवं मामी," नवरा म्हणाला, पण थांबवलं त्यानं. रिमोट तिच्या हातात दिला आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला. आईनं रिमोट टीव्हीखाली ठेवला, मला म्हणाली, "कढई कुठं ठेवलीस?" आणि पदर खोचत उठली.

आता आषाढ लागलाय. आई इथंच आहे. मधे बरेच पिक्चर बघून झाले, सगळे पुरते बघितले. म्हैस अजून सापडलेली नाही.